अंगात आलेली अर्धशिशी

डोकं दुखून कुणी मरत नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणतात. मरत नाही हे खरंच आहे. मेलं असतं तर निदान एका दिवसाची सुट्टी तरी मिळाली असती.

माझं डोकं दुखायला लागलं ते भडगावला, शाळेत असताना, पाळी सुरू झाली त्याच वर्षी. उजव्या भुवईच्या वर कुणीतरी आतून अंगठा दाबतंय असं वाटायचं, मग अर्धं डोकं, अर्धी मान, अर्धा जबडा. उजेड नको व्हायचा, आवाज नको व्हायचा, फोडणीचा वास तर मुळीच नको. उलटी झाली की जरा हलकं वाटायचं. आई म्हणाली, अर्धशिशी आहे, माझ्या मावशीलाही होती. मग उपाय सुरू झाले. सूर्य उगवायच्या आत गरम दूध आणि जिलेबी, सुंठेचा लेप, कपाळाला करकचून बांधलेलं फडकं, नाकात तुपाचे थेंब. जिलेबी मला आवडायची, त्यामुळे तो उपाय मी बरेच दिवस चालू ठेवला. दुखणं आपलं यायच्या वेळी येतच राहिलं.

लग्न ठरलं तेव्हा आईने एवढंच बजावलं, की डोक्याचं तिकडे काही बोलू नकोस, लोकांना उगाच शंका येतात. मी विज्ञानात पदवी घेतलेली, बी.एड. झालेली, शाळेत नोकरीला लागलेली मुलगी, पण या बाबतीत आईचं ऐकलं. डोकं झाकून धुळ्याला सासरी आले आणि इथल्याच एका शाळेत शिकवू लागले.

सासर म्हणजे अख्खी गल्ली. चुलत सासरे, चुलत दीर, त्यांच्या बायका, सगळी भाऊबंदकी एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून. नवरा नरडाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर. शांत माणूस, वेळेवर जाणारा, वेळेवर येणारा. घरात राज्य सासूबाईंचं. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही अक्काच म्हणू लागले. त्यांचं माहेर दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यातलं. इतकी वर्षं शहरात राहून त्यांनी आपली अहिराणी सोडली नव्हती, मी मात्र भडगावची असून तोंडात पुस्तकी मराठी धरून बसलेली. त्यावरून त्या मला 'मास्तरीनबाई' म्हणून चिडवायच्या. बुटक्या होत्या, आवाज मात्र गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. खान्देशात हा सण दिवाळीहून मोठा. कामाला पुण्याला गेलेले, सुरतेला गेलेले, सगळे भाऊबंद त्या दिवसासाठी घरी येतात. नारळाला डोळे, नथ, कुंकू लावून तिला पाटावर बसवायचं, घरातल्या पुरुषांच्या मुठीने मोजून घेतलेल्या गव्हाचे रोट करायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत पांझरा नदीवर पोचवायचं. आमच्या घराण्यात कानबाई बसवणाऱ्या बाईने नैवेद्य होईपर्यंत पाणीसुद्धा प्यायचं नाही. हा मान अक्कांचा होता. आणि दरवर्षी त्या दिवशी अक्कांच्या अंगात कानबाई यायची. अंगात यायची म्हणजे त्या नाचत नसत, घुमत नसत. भिंतीला टेकून बसत, डोळे मिटून 'उजेड उना, उजेड उना', म्हणजे उजेड आला, असं पुटपुटत, मग ओकारी काढत आणि आतल्या खोलीत गोधडीवर पडून राहत. भाऊबंदकीतल्या बायका एकेक करून आत जायच्या, त्यांच्या पायांवर डोकं ठेवायच्या आणि पावलं न वाजवता बाहेर यायच्या.

मी लग्न होऊन आले तोवर हे थांबलं होतं. अक्कांची पाळी गेली आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत कानबाई, गल्लीतल्या बायका तिला आईच म्हणतात, त्यांच्या अंगात येईनाशी झाली. त्यांनी हे फार मनाला लावून घेतलं होतं. माझ्या हातून काय चुकलं, असं त्या नारळासमोर बसून विचारायच्या, मी ऐकलं आहे.

आता त्या गोळ्यांचं सांगायला हवं. कानबाई, गौरी, लग्नकार्य, काही असो, घरातल्या बाईची तारीख त्या आसपास येत असेल तर मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणायच्या, हा आमच्या गल्लीतला सरळ रिवाज. डॉक्टरला कोण विचारतं? दुकानदार न बोलता कागदात गुंडाळून देतो. जावा-जावा एकमेकींना उरलेल्या गोळ्या देतात, जशी हळद किंवा साखर द्यावी. मीही घेत होते. विज्ञान शिकवणारी बाई आहे म्हणून मी वेगळी वागले असेन असं कुणाला वाटत असेल तर तो भ्रम आहे.

तिसऱ्या की चौथ्या श्रावणात अक्कांनी कानबाई बसवायला मला बसवलं. गोळ्या चालू होत्या, पोटात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता, आधीचे दोन दिवस दळण-कांडणात झोप नव्हती आणि चुलीचा धूर घरभर. मी नारळाला कुंकू लावत होते आणि नारळाचा एक डोळा दिसेनासा झाला. मग त्या जागी एक चमचमती रेघ आली, वाकडीतिकडी, करवतीच्या दातांसारखी. ती हलत होती आणि हळूहळू मोठी होत होती. माझं नेहमीचं दुखणं मला माहीत होतं, पण हे नवं होतं. मी घाबरून अक्कांचा हात धरला.

"उजेड दिसना का तुले?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

मी होकाराची मान डोलावली.

"कसा व्हता? वाकडातिकडा? करवतना दातासारखा?"

"हो अक्का. तुम्हाला कसं माहीत?"

त्या उठल्या आणि अंगणात जाऊन ओरडल्या, "आई उनी वं! मनी सूनना अंगमा आई उनी!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांना सोडून गेलेली आई त्यांच्याच घरात परत आली होती.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. डोक्यात घणाचे घाव पडत होते. मला आतल्या खोलीत नेऊन निजवलं, खिडकीवर चादर टाकली. बायका येऊन पायांवर डोकं ठेवून गेल्या. सासऱ्यांच्या वयाचे एक नाना आले, तेही वाकले. मला शरमेने मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या अंधारात, त्या शांततेत, मला जन्मात पहिल्यांदा दुखताना बरं वाटलं.

त्यानंतर जवळजवळ दरवर्षी ते झालं. आता कळतं की ते होणारच होतं. गोळ्या, उपास, जागरण आणि धूर हे चारही एकत्र आणून ठेवल्यावर न होऊन सांगतंय कुणाला? पण तेव्हा गल्लीत माझा मान वाढला. कुणाच्या मुलीचं लग्न जमत नसलं की मला विचारायला यायचे. मी म्हणायचे, मला काय कळतं. त्यावर ते जास्तच हात जोडायचे.

गंमत अशी की वर्षातले बाकीचे दिवस तेच डोकं दुखायचं, तेव्हा मात्र कुणी वाकत नव्हतं. महिन्याची तारीख आली की दुखायचं, जळगाव-धुळ्याच्या उन्हाळ्यात शाळेतून चालत आले की दुखायचं, जेवायला उशीर झाला की दुखायचं. दुखण्याची एक गोळी घ्यायची आणि पोळ्या लाटायच्या. मग एकीने भागेना, दोन घेऊ लागले. मग दुखेल या भीतीने आधीच घेऊ लागले. पर्समध्ये पाकीट नसलं की घराबाहेर पाय निघत नसे. शेवटी अशी गत झाली की डोकं दुखलं नाही असा दिवस उजाडला की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. शाळेत मी मुलांवर ओरडायचे, घरी आले की भांड्यांवर. नवरा म्हणायचा, तू फार चिडकी झालीस. मी म्हणायचे, हो.

एका सोमवारी मी नववीला डोळा शिकवत होते. फळ्यावर भिंग काढलं आणि तोच करवतीचा उजेड सुरू झाला. नेहमीप्रमाणे जाईल म्हणून मी शिकवत राहिले. मग उजव्या हाताची बोटं मुंग्या येऊन बधिर झाली, मुंग्या कोपरापर्यंत, ओठांपर्यंत चढल्या. हातातून खडू पडला. मला म्हणायचं होतं 'दृष्टिपटल', आणि तोंडातून भलताच काहीतरी शब्द आला. मुलं हसली. मी पुन्हा म्हणायला गेले, पुन्हा तसंच. मग मुलं हसायची थांबली. मला वाटलं, लकवा मारला. आता हात गेला, वाचा गेली, नोकरी गेली. मला रडूसुद्धा नीट येईना.

तासाभराने सगळं परत आलं, बोटंही आणि शब्दही, आणि मागून डोकं असं दुखलं की मी स्टाफरूमच्या फरशीवर कपाळ टेकून बसले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने सुट्टी टाकली आणि मला जळगावला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. पारोळा, एरंडोल, सगळा रस्ता मी डोळ्यांवर ओढणी बांधून बसले होते. एसटीच्या प्रत्येक खड्ड्याला वाटत होतं, आता पुन्हा शब्द जातील.

डॉक्टर बाई होत्या. त्यांनी डोक्याचे फोटो काढून घेतले, ते चांगले निघाले. मग त्यांनी मला फार वेळ प्रश्न विचारले. काय खाता, कधी झोपता, तारीख केव्हा येते, गोळ्या कोणत्या घेता. मी उत्तरं देत गेले. पाळी ढकलायच्या गोळ्यांपाशी त्या थांबल्या.

"या कुणी लिहून दिल्या?"

"कुणी नाही. आमच्याकडे सगळ्याच घेतात."

"तुम्हाला दुखण्याआधी तो उजेड दिसतो ना? हा मायग्रेनचाच एक प्रकार आहे. त्यात हात बधिर होणं, शब्द अडकणं असंही होतं. घाबरू नका, बहुतेक वेळा ते जातं. पण असा उजेड दिसणाऱ्या बायकांना पक्षाघाताचा धोका इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. त्यात हार्मोनच्या गोळ्या मनाने घेणं म्हणजे उगाच विषाची परीक्षा. त्या आजपासून बंद. निर्जळी उपास बंद, जागरण बंद."

"आणि दुखण्याच्या गोळ्या?"

"त्याही. तुमचं रोजचं डोकं आता त्या गोळ्यांमुळेच दुखतंय."

मला वाटलं त्या माझी थट्टा करताहेत. नंतर कळलं की नव्हत्या करत. त्यांनी रात्रीची एक बारीक गोळी लिहून दिली, दुखणं थांबवायची नाही तर मुळात येऊ न द्यायची. फरक पडायला दोन-तीन महिने लागतील म्हणाल्या. निघताना मी शेवटी विचारलं, की उजेड दिसतो तो नक्की फक्त आजाराचाच ना? त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं आणि म्हणाल्या, "म्हणजे? दुसऱ्या कशाचा असणार?" परतीच्या गाडीत मला सारख्या अक्का आठवत होत्या.

दुखण्याच्या गोळ्या सोडल्यावरचे पहिले दोन आठवडे मी वैऱ्यालाही देणार नाही. दारुड्याची दारू सुटताना जे होत असेल ते माझं झालं. नंतर मात्र हळूहळू उतार पडू लागला. वेळेवर जेवायचं, पाणी प्यायचं, ठरल्या वेळी निजायचं आणि रविवारीसुद्धा त्याच वेळी उठायचं, उन्हात टोपी आणि काळा चष्मा घालायचा. गल्लीतल्या पोरी चष्म्याला हसायच्या. रात्रीच्या गोळीने तोंड कोरडं पडायचं, सकाळी डोकं जड असायचं, पण ते जड म्हणजे दुखणं नव्हे. एकदा अख्खा आठवडा डोकं दुखलं नाही. मी घाबरतघाबरत आठवा दिवस धरला, तोही गेला.

आणि श्रावण आला.

नवरा कामावरून येताना कागदात गुंडाळलेल्या गोळ्या घेऊन आला. अक्कांनी सांगितलं होतं. त्याने त्या ओट्यावर ठेवल्या, जशी तो दुधाची पिशवी ठेवतो. मी त्याला म्हटलं, "तुम्ही डॉक्टरसमोर बसला होतात ना?" तो म्हणाला, "एकच वेळ घे. अक्काला काय सांगू मी?" त्याला काही सांगता येणार नव्हतं, हे मला मान्य आहे. म्हणून मीच सांगायला गेले.

अक्का पडवीत गहू निवडत होत्या. मी त्यांच्यापाशी बसले आणि वर्गात सांगते तसं सांगितलं. तो उजेड मेंदूत तयार होतो. हा आजार आहे, तुम्हालाही तोच होता. पाळी गेली म्हणून तुमचा थांबला, तुमची काही चूक झाली नव्हती. मला वाटलं होतं, निदान या शेवटच्या वाक्याने त्यांना बरं वाटेल.

"उजेड बी आजार?" त्यांनी विचारलं.

"हो अक्का."

त्या गहू निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "आई म्हन, बाई. दुखनं म्हनशी ते कोनी इचारनार नही."

"खोटं कशाला म्हणू? माझा हात गेला असता, अक्का. माझी वाचा गेली असती."

मी उठून ओट्यावरच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या. मला फार अभिमान वाटत होता.

कानबाईच्या आदल्या दिवशी माझी पाळी आली. म्हणजे रोटांना हात लावायचा नाही, देवघराकडे जायचं नाही. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसले आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या देखत पोहे खाल्ले. भाऊबंदकी जमत होती. ज्या बाईच्या अंगात आई येते ती बाजूला बसून पोहे खातेय, हे पाहून माझ्या चुलत सासूबाई, आमच्या काकू, माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. काय झालं म्हणून विचारू लागल्या. मी सांगितलं. आजार आहे, जळगावच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे, ते अंगात येणं नव्हतं. सगळ्यांना एकदाच कळावं म्हणून जरा मोठ्यानेच सांगितलं.

काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मंग इतला वरीस आम्ही काय डोकादुखीना पाय पडनूत का?"

हशा पिकला. मीही हसले असेन थोडी. मग माझी नजर दाराकडे गेली. अक्का परातीत रोटाचं पीठ घेऊन उंबऱ्यावर उभ्या होत्या. माझ्या डोक्याच्या पाया काकू पाच-सहा वर्षं पडल्या असतील. अक्कांच्या डोक्याच्या पाया त्या तरुणपणापासून पडत आल्या होत्या. हसणारी प्रत्येक बाई आता अक्कांकडे बघत होती. अक्कांनी परात आत नेऊन ठेवली आणि त्या दिवशी त्यांनी एकही गाणं म्हटलं नाही. माझं डोकं त्या दिवशी अजिबात दुखलं नाही.

सोमवारी कानबाईला नदीवर पोचवून बायका परतल्या. अक्का गेल्याच नव्हत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. माफी मागावी असं वाटत होतं, पण कशाची मागायची ते ठरत नव्हतं, कारण मी खरं तेच बोलले होते. त्या स्वतःच बोलू लागल्या.

"मी नवी व्हतू तवय डोकं दुखस म्हनं ते मनी सासू म्हने, दुखू दे, भाकरी टाक. उलटी व्हयनी ते म्हने, नखरा करस. एक कानबाईले मी खाले पडनू. उजेड उजेड बरळी ऱ्हायंतू. कोनीतरी म्हनं, आई उनी. बस. तीच सासू मना पाय पडनी. आंधारा घरमा माले झोपाडी दिन्हं. दिनभर कोनी हाक मारी नही." त्या आतल्या खोलीकडे बघू लागल्या. "लगीन व्हयनं तैपाइन पहिल्यांदा मी दिवसा झोपनू."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, अक्का?"

"डोकं दुखस हाई माले माहीत नही का? डोकं मनंच व्हतं ना. आई बी व्हतीच. ती नही येती ते माले कोन झोपू देता?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मी तुले तेच दिन्हं. मनापाशी दुसरं काय व्हतं? आते दुखनं म्हनी बठनी तू. आते देख, कोन झोपू देस तुले."

मी त्यांना समजावलं, की आता दिवस बदललेत, आता आजाराला आजार म्हणतात, औषधं आहेत. अक्कांनी मान हलवली, जशी एखाद्या लहान पोराच्या बोलण्यावर हलवतात.

औषधाने गुण आला, यात शंका नाही. महिन्यातले बरेच दिवस मला परत मिळाले. पण अर्धशिशी मुळातून जात नाही, कमी होते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मधूनमधून ती यायची. आणि तेव्हा घरात जे ऐकू येऊ लागलं ते मला पूर्वी कधी ऐकावं लागलं नव्हतं. "औषध चालू आहे ना तुझं? मग कसं काय दुखतं?" नवरा हे अगदी सरळ मनाने विचारायचा. पूर्वी मी लपवत होते तेव्हा निदान कुणी हिशेब मागत नव्हतं. आता दुखणं उघडं झालं होतं, त्याला नाव होतं, गोळी होती, म्हणजे ते बरं असायलाच हवं होतं. मी पडून राहिले की काकू ओसरीवरून म्हणायच्या, "आमनं बी दुखस बाई डोकं, पन आम्हले जळगावना डॉक्टर कोठे?" मी संतापायचे. संतापलं की जास्त दुखायचं.

हिवाळ्यात एका रविवारी आमच्याकडे भरीत-पार्टी होती. आमच्याकडची मोठी हिरवी वांगी, अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यात भाजायची, नवऱ्याच्या कारखान्यातली मंडळी बायकामुलांसह येणार. सकाळी अकराच्या सुमाराला धूर घरात शिरला आणि फळीवरचा डबा मला अर्धाच दिसू लागला. उजेड आला होता. मी डॉक्टरांनी नंतर अशाच वेळेसाठी ठरवून दिलेली गोळी लगेच घेतली आणि नवऱ्याला म्हणाले, मला दोन तास अंधारात पडू द्या. तो म्हणाला, "आत्ता? माणसं आली आहेत. गोळी घेतलीस ना? अर्ध्या तासात उतरेल. तोवर मिरच्या तरी वाटून दे." तो वाईट माणूस नाही, हे मी पुन्हा सांगते. त्याच्या हातात वांग्यांची पाटी होती आणि अंगणात लोक त्याची वाट बघत होते.

मी मिक्सर लावला. पहिल्याच घरघरीला पोटातून उमळून आलं. मी मोरीत जाऊन ओकले, भिंत धरत आतल्या खोलीत गेले आणि जमिनीवरच पडले. उजवा हात बधिर होऊ लागला होता. काकूंनी माझी जागा घेतली असावी, कारण मिक्सर पुन्हा सुरू झाला. दार सताड उघडं होतं, पाहुण्यांची पोरं आतबाहेर पळत होती. कुणीतरी दिवा लावला. मला म्हणायचं होतं 'बंद करा', पण मला तो शब्द सापडत नव्हता.

दिवा बंद झाला. कुणीतरी माझ्या अंगावर गोधडी टाकली, खिडकी लावली आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग दाराबाहेरून अक्कांचा आवाज आला, तोच, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"आत कोनी जाऊ नका. तिना अंगमा आई उनी शे."

"आज?" काकू म्हणाल्या. "आज कोठे कानबाई शे?"

"ती काय तुले इचारीसन येई का?"

काकू हसतील म्हणून मी अंग आक्रसून वाट पाहिली. कुणी हसलं नाही. पोरांना कुणीतरी दटावलं. नवरा कुणाला तरी हळू आवाजात सांगत होता, चपला काढा, गलका करू नका, आणि त्याच्या आवाजात जो धाक होता तो माझ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने कधी आला नव्हता. स्वयंपाकघरातला मिक्सर बंद झाला.

मला इतकं बरं वाटलं की रडू आलं आणि त्या बरं वाटण्याचाच मला राग आला. दाराला पाठ लावून अक्का खाली बसल्या, त्यांच्या बांगड्या वाजल्या. थोड्या वेळाने माझे शब्द परत आले. उठून दार उघडून खरं काय ते सांगता आलं असतं. मी गोधडी डोक्यावरून ओढली आणि दिवसाढवळ्या झोपून गेले.